बाबा म्हणतात

धाकट्याने खिशातून नवा फोन काढला आणि थोरल्याने सुई अंगठ्यात टोचून घेतली. आता ज्या माणसाने अख्खी जवानी सुईदोऱ्यात घातली, त्याला सुई टोचावी म्हणजे काय? पण टोचली, आणि चूक फोनचीच होती याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

फोन दिसायला तसा साधाच. काळा, जरा जाडसर, कडा गोल. थोरल्याने एका नजरेत पाहून घेतला आणि मनात म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! तेवढ्यात धाकट्याने वरची काच अंगठ्याने हलकेच ढकलली. खट् असा भरीव आवाज झाला, काच सरकली आणि तिच्या पोटातून बटणांच्या ओळी बाहेर आल्या. खरी बटणं. मधे किंचित फुगलेली, बोटाला लागतील अशी, प्रत्येकावर आपली अक्षरं छापलेली आणि खालून मंद पांढरा उजेड. धाकट्याने काच परत ढकलली, खट्, सगळं आत. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. तो आवाजच असा होता की ऐकणाऱ्याचा अंगठा शिवशिवावा. थोरल्याचा तर शिवशिवलाच, पण त्यातून रक्त येत होतं म्हणून त्याने तो तोंडात घातला.

धाकटा दूर एका शहरात शीतगृहात कामाला होता. दिवसभर हातात जाड मोजे, त्यामुळे काचेच्या फोनला बोट कळतच नाही, म्हणून बटणांचा घेतला, असं त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. साधेपणाने केलेली फुशारकी जास्तच झोंबते. थोरल्याची बायको चहा घेऊन आली होती, ती ट्रे तिथेच ठेवून म्हणाली, बघू भाऊजी, बघू. आणि लागली खट्खट् करायला. गेली कित्येक वर्षं नवऱ्याच्या हातात जो फोन होता त्याच्या काचेला पार कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते आणि वर चिकटपट्टी होती. त्याच्याकडे तिने इतक्या कौतुकाने कधी पाहिलं नव्हतं. खरं तर त्या फोनच्या मालकाकडेही पाहिलं नव्हतं.

थोरल्याने मत द्यायला वेळ लावला नाही. जाड आहे म्हणाला, खिशाची शिवण उसवणार. आणि जे जे सरकतं ते एक दिवस अडकतं, त्यात या दुकानात खडूची भुकटी आणि दोऱ्यांचा कीस, चार दिवसांत जाम नाही झाला तर नाव बदलीन. धाकटा हसून नुसतं "बरं दादा" म्हणाला. हे त्याचं नेहमीचंच. भांडायलाच यायचं नाही. मग माणसाने जळायचं तरी कुठल्या तोंडाने?

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध कापायचं मोठं टेबल आणि त्यामागे उभे मास्तर, म्हणजे या दोघांचे वडील. शिलाईची मशीनं दोन. थोरल्याचं दाराशी, जिथे दार उघडलं की त्याची फळी आडवी येई आणि गिऱ्हाईक उभं राहिलं की त्याची सावली थेट सुईवर पडे. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा म्हणजे थोरल्याला नाक कापडाला टेकवावं लागे. दुसरं मशीन खिडकीजवळ, दिवसभर लख्ख उजेडात. ते धाकट्याचं. धाकटा शीतगृहात गेल्यापासून त्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं होतं आणि तो सगळा उजेड त्या कापडावर फुकट पडत होता. मास्तर दर आठवड्याला कापड काढत, मशीनला तेल घालत, चाक दोनदा फिरवून बघत, परत झाकून ठेवत. थोरल्याच्या मशीनला तेल घालायला थोरला होता ना! एकदा त्याने बायकोजवळ विषय काढला होता, की ते मशीन मी वापरलं तर? ती म्हणाली, मग विचारा की बाबांना. हेच त्याला जमलं नाही. गावभर वडिलांच्या वतीने बोलणारा माणूस, पण स्वतःसाठी वडिलांना काही विचारायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

वडिलांच्या वतीने बोलायचं कारण असं, की मास्तरांचा आवाज गेला होता. घशाचं मोठं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज वाचला नाही. त्यानंतर त्यांच्याकडे उरले हात, भुवया आणि कात्री. कात्री टेबलावर एकदा आपटली की नाही, दोनदा आपटली की हो. खडू फेकून मारला की सगळं उसवून पहिल्यापासून कर. कात्री धरली की हात दगडासारखा स्थिर, पण पेन धरलं की असा थरथरायचा की लिहिलेलं त्यांना स्वतःलाही वाचता येत नसे. थोरल्याने आपला फोन पुढे करून पाहिला होता, पण मास्तरांच्या बोटांची टोकं जन्मभर सुई टोचून आणि कात्री चालवून इतकी निबर झाली होती की काच त्यांना ओळखायलाच तयार नाही. मास्तर दाबायचे, दाबायचे, काच ढिम्म. शेवटी त्यांनी फोन असा काही बाजूला सारला की पुन्हा तो विषय निघाला नाही.

मग राहिला थोरला. तो वडिलांच्या भुवईवरून वाक्य ओळखायला शिकला. घशातून नुसती हवा यायची, त्या हवेचेही त्याला प्रकार कळायचे. गिऱ्हाईक विचारायचं, मास्तर काय म्हणतात? थोरला मान ताठ करून सुरू करायचा, "बाबा म्हणतात..."

या दोन शब्दांची काय किमया होती ती त्यालाच ठाऊक. पूर्वी तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, साहेब, हे कापड आटतं, तर साहेब म्हणायचे, मास्तरांना विचारून सांग. आता तो तेच म्हणायचा, फक्त पुढे बाबा म्हणतात जोडून, की साहेब लगेच मान डोलवायचे. मास्तरांनी एक भुवई उचलावी आणि थोरल्याने त्यावर पाच मिनिटं बोलावं, असं चालू झालं. पुढे पुढे भुवईचीही गरज राहिली नाही. बाबा म्हणतात, कपडे परवा मिळतील. बाबा म्हणतात, आज भाजीत मीठ बरोबर आहे. बाबा म्हणतात, पंखा बंद करा. मास्तर टेबलामागून बघत राहायचे. कधी कात्री आपटायचे, बहुतेक वेळा आपटायचे नाहीत.

आणि मग ते एक झालं, जे थोरल्याच्या पोटात तेव्हापासून गोळा होऊन बसलं होतं. मागच्या वेळी धाकटा सुट्टीवर आला होता. निघताना दारात उभं राहून त्याने वडिलांना विचारलं, बाबा, मी परत येऊ का? इथेच बसू का कामाला? मास्तर उठले, खिडकीजवळ गेले आणि त्या झाकलेल्या मशीनवर हात ठेवून दोनदा थोपटलं. याचा अर्थ सांगायला भुवया वाचता येणारा माणूस लागत नव्हता. पण धाकट्याने सवयीने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याला दिसला तो खिडकीतला उजेड, तेलाची कुप्पी, आणि धाकट्याकडे बघताना उजळलेला वडिलांचा चेहरा. तो म्हणाला, "बाबा म्हणतात, दोन मशीनांचं काम राहिलं नाही आता. तू तिकडेच थांब."

मास्तरांनी टेबलावरून कात्री उचलली. पण ती त्यांनी आपटली नाही. थोड्या वेळाने खाली ठेवली, हळू, आवाज न करता, आणि खडू घेऊन कापडावर रेघ मारायला लागले. धाकटा गेला. मास्तर मात्र दर आठवड्याला तेल घालत राहिले, आणि तेलाचा प्रत्येक थेंब थोरल्याच्या डोक्यात पडत राहिला.

तर असा सगळा इतिहास असताना धाकट्याने तो फोन सहज गंमत म्हणून वडिलांच्या हातात दिला.

मास्तरांनी तो आधी कापड बघतात तसा अंगठ्याने चाचपला. मग ढकलला. खट्. त्यांची भुवई वर गेली. थोरल्याला ती भुवई वाचता आली आणि त्याच्या अंगावर काटा आला. मास्तर एकेका बटणावर अंगठा ठेवून बघत होते. बटणाला बोट निबर आहे की मऊ, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, दाबलं की दबत होतं. जाड फोन दोन्ही हातांत घट्ट धरल्यामुळे असेल, पण हातही थरथरत नव्हते. ते शोधत शोधत अक्षरं दाबायला लागले. सगळे टेबलाभोवती जमले. बराच वेळ गेला. मग त्यांनी फोन सुनेसमोर धरला. तिने मोठ्याने वाचलं.

"चहात साखर फार असते. पहिल्यापासून."

ती नवऱ्याकडे वळली. एवढी वर्षं तिला रोज सांगण्यात आलं होतं की बाबा म्हणतात, चहा फक्कड झालाय. थोरला म्हणाला की आज पडली असेल जरा जास्त. पण पहिल्यापासून हा शब्द काचेवर ठसठशीत लिहिलेला होता, त्याचं काय करणार? धाकटा खो खो हसत होता. आणि मास्तरही हसत होते, आवाजाशिवाय, नुसते खांदे गदगदा हलत होते. ते हसताना असे दिसतात हे थोरला विसरून गेला होता. त्याच्यासमोर ते असे केव्हा हसले होते ते त्याला आठवेना.

धाकटा म्हणाला, मी आहे तोवर दिवसभर तुमच्याकडेच राहू दे हा. झालं. दुसऱ्या दिवसापासून मास्तर गळ्यात टेप, हातात फोन. सकाळी दातांचे डॉक्टर आले, त्यांना नवे पांढरे कोट शिवायचे होते. थोरला टेप घेऊन पुढे झाला, डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे श्वास रोखून पोट आत ओढलं. थोरल्याने तोंड उघडलं, बाबा म्हणतात एवढं म्हणालाही, तर मागून खट् झालं. मास्तरांनी टाइप करून फोन थेट डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टर वाचून असे हसले की पोट आपोआप बाहेर आलं. लिहिलं होतं, पोट सोडा डॉक्टर, कोट तुम्हाला घालायचाय, आरशाला नाही. मग डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, मास्तरांनी लिहिलं, पुन्हा हसू. थोरला टेपची दोन टोकं धरून मधे उभा, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखा.

जाताना डॉक्टर थोरल्याला म्हणाले, "मास्तर इतके मजेदार बोलतात, हे तू कधी सांगितलंच नाहीस."

ते वाक्य थोरल्याला दिवसभर डाचत राहिलं. कारण डॉक्टर चुकत नव्हते. मास्तरांची जी भुवई थट्टेची असायची, ती तो गाळूनच टाकायचा. तो सांगायचा तेव्हा बाबा नेहमी गंभीर, नेहमी हुकूम सोडणारे. एवढ्या वर्षांत त्याने वडिलांचा एक विनोद कोणाला पोचवला नव्हता, आणि या टीचभर डबीने एका सकाळीत दोन पोचवले.

आता कोणी त्याला काही विचारेना. गिऱ्हाइकं सरळ टेबलाशी जात, मास्तर लिहीत, ती वाचत. बायकोही स्वयंपाकघरातून येऊन सासऱ्यांना विचारी, बाबा, आज काय करू, आणि उत्तर वाचून परत जाई. थोरला दाराशी मशीन चालवत बसे आणि खट् ऐकू आलं की त्याचा टाका वाकडा जाई. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ऑपरेशननंतर घशाची पट्टी कोणी बदलली? थोरल्याने. खोकल्याची उबळ आली की पाठ कोणी चोळली? थोरल्याने. घशातल्या हवेचे प्रकार शिकायला तो जितका खपला, तितका शाळेतही खपला नव्हता. आणि हा पाहुण्यासारखा येतो, खिशातून खेळणं काढतो, आणि वडील याचे! जळत होता तो, सरळ शब्दांत सांगायचं तर. धाकट्यावर जळत होता, फोनवर जळत होता, आणि वडील ज्याच्याशी हसतील त्या प्रत्येक गिऱ्हाइकावर जळत होता.

त्या जळण्याच्या खाली भीती होती. मास्तरांना आता काहीही सांगता येत होतं. धाकट्याने फक्त विचारायचा अवकाश.

एका दुपारी मास्तर आत जरा आडवे झाले आणि धाकटा नाक्यावर गेला, तेव्हा फोन टेबलावर होता. थोरल्याने इकडेतिकडे पाहून तो उचलला. ढकलला. खट्. आहा! त्याने नुसताच अंगठा बटणांवरून फिरवला. काजाला नीट बसलेलं बटण जसं बोटाला कळतं तसं प्रत्येक बटण कळत होतं, डोळे मिटूनही कळलं असतं. फोन चांगला होता. हीच तर खरी गोची होती. वाईट असता तर थोरल्याने त्याला मनापासून माफ केलं असतं.

दाराशी पाऊल वाजलं म्हणून त्याने तो घाईने खाली ठेवला, उघडाच, आणि नेमका जिथे मास्तरांनी सकाळी खडू घासून टोक काढलं होतं तिथे. पांढऱ्या भुकटीचा ढीग आणि कापलेल्या लोकरीचा कीस. पाऊल शेजारणीचं निघालं, ती पुढे गेली. आता फोन उचलून, फुंकून, बाजूला ठेवायला कितीसा वेळ? थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. मग तो आपल्या मशीनशी जाऊन बसला आणि कॉलर शिवायला घेतली. फोन त्याने भुकटीत घातला असं कोणी म्हणू शकलं नसतं. त्याने फक्त उचलला नाही. काही वेळाने धाकटा आला, फोन मिटला, खिशात टाकला. खट् जरा घोगरा आला, पण ते थोरल्याशिवाय कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्याची निघायची वेळ झाली. बॅग दारात, बस तासाभरात. पण तो निघेचना. वडिलांसमोर स्टूल ओढून बसला आणि हातांची बोटं चोळत राहिला. थंडीत काम करून ती बोटं सुजल्यासारखी दिसत होती. मग त्याने फोन काढून वडिलांच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, मागच्या वेळी मी परत यायचं विचारलं होतं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते मला एकदा तुमच्याकडून ऐकायचंय."

थोरल्याचा पाय पायडलवर होता तो तिथेच थांबला. बायको दारात उभी होती, तीही थांबली. मास्तरांनी थोरल्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फोन घेतला आणि काच ढकलली. ती अर्धी सरकली आणि अडकली. पुन्हा ढकलली, करकर आवाज झाला, पण बटणांची वरची ओळ तेवढी दिसली, पुढे नाही. धाकट्याने घेऊन पाहिलं, फुंकर मारली, जोर लावला. काही नाही. मग तो थोरल्याकडे वळला.

"दादा, तूच सांग मग. तुला कळतं त्यांचं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर किती बरं झालं असतं! थोरल्याला एकच वाक्य बोलायचं होतं, तेच जुनं. बस निघून गेली असती, फुलाफुलांचं कापड तसंच राहिलं असतं आणि उद्यापासून गिऱ्हाइकांनी पुन्हा विचारलं असतं, मास्तर काय म्हणतात. वाक्य जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात मास्तरांनी तो अडकलेला फोन त्याच्यासमोर धरला. भुवई हलली नाही. नुसता धरून राहिले, बिघडलेली वस्तू घरातल्या ज्याला दुरुस्त करता येते त्याच्याकडे द्यावी तसा.

थोरल्याने घेतला. कडेच्या फटीत नजर गेली तर पांढरी भुकटी गच्च बसलेली आणि लोकरीचा एक तंतू आडवा अडकलेला. बॉबिनच्या खोबणीत दर चार दिवसांनी हेच होतं. तिथे जोर लावायचा नसतो, आधी तंतू काढायचा, मग झाडायचं. त्याने सुईने तो तंतू अलगद ओढून काढला. मशीन साफ करायचा बारीक ब्रश घेऊन दोन्ही खोबणी झाडल्या. एकदा, पुन्हा एकदा, उजेडाकडे धरून. त्याचे कान तापले होते आणि हात मात्र आपलं काम व्यवस्थित करत होते. मग त्याने अंगठ्याने काच ढकलली.

खट्.

आपलं तोंड बंद करणारा फोन थोरल्याने आपल्याच हाताने उघडून वडिलांना दिला.

मास्तर लिहायला लागले. एक अक्षर, थांबणं, दुसरं अक्षर. रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. धाकटा उठून वाचायला जाणार, तर मास्तरांनी हाताने त्याला बसवलं. लिहून झाल्यावर त्यांनी फोन थोरल्याला दिला. दोन बोटं आपल्या घशाला लावली आणि तीच बोटं थोरल्याच्या ओठांकडे केली. ऑपरेशननंतर इस्पितळात बापलेकांनी ठरवलेली पहिली खूण होती ती. माझं तू सांग.

थोरल्याने काचेवर पाहिलं. लिहिलं होतं, तेव्हा मीच नको म्हणालो. माझंच चुकलं. आता म्हणतो, ये.

त्याने ते पुन्हा वाचलं. अक्षरं धुरकट व्हायला लागली. मास्तर त्याच्याकडेच बघत होते, आणि ती नजर त्याला वाचता येत होती. तेव्हाही आली होती, कात्री न आपटता खाली ठेवली तेव्हा. त्याला वाटलं होतं बाबांना राग आला. राग आला तर मास्तर खडू फेकतात, हे काय त्याला माहीत नव्हतं? त्या दिवशी त्यांनी त्याची लाज झाकली होती, आणि आज पुन्हा, सगळा दोष स्वतःच्या नावावर लिहून, त्याच्या हातात देत होते. त्याला फक्त वाचायचं होतं. अक्षरशः तेवढंच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वडिलांचं बोलणं जसंच्या तसं सांगायला लिहून मिळालं होतं.

"बाबा म्हणतात," थोरला म्हणाला, आणि त्याचा आवाज त्या काचेसारखा मधेच अडकला. त्याने घसा साफ केला. "बाबा म्हणतात, ये. तेव्हाही हेच म्हणाले होते."

मास्तरांचा हात कात्रीकडे गेला आणि तिच्यावरच राहिला. धाकटा उठून उभा राहिला. फोन बघायला त्याने हात पुढे केला नाही. त्याने खिडकीजवळच्या मशीनकडे पाहिलं, मग थोरल्याकडे, आणि त्याचा जबडा आवळला गेला. कधीच भांडायला न येणारा तो माणूस आता येईल असं थोरल्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर, यावा असंच वाटलं.

"आणि तू?" धाकटा म्हणाला. "तू काय म्हणतोस?"

थोरल्याला प्रश्न पटकन कळलाच नाही. मास्तर काय म्हणतात, हे त्याला हजार वेळा विचारलं गेलं होतं. हे कोणीच विचारलं नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं, ती डोळे मोठे करून त्याच्याकडेच बघत होती. त्याने पुढे जोडायचे दोन शब्द शोधले आणि ते मिळाले नाहीत, तेव्हा जे पोटात होतं तेच बाहेर आलं.

"मी म्हणतो, खिडकीची जागा मला पाहिजे. डोळे गेले माझे त्या दाराशी बसून. तू ये, पण खिडकीशी मी बसणार."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. ही काय वेळ होती? पण शब्द सुटले ते सुटले. मास्तरांनी कात्री उचलली. थोरल्याने मान खाली घातली.

कात्री टेबलावर आपटली. आणि लगेच पुन्हा एकदा आपटली.

धाकट्याने दारातल्या बॅगकडे पाहिलं. मग तो खिडकीशी गेला, मशीनवरचं ते फुलाफुलांचं कापड ओढून काढलं आणि घडी न करताच टेबलावर टाकलं. मग दाराशी न्यायला त्याने एका बाजूने आपलं मशीन धरलं. चेहऱ्यावरचा राग अजून गेलेला नव्हता.

"बघतोस काय नुसता," तो म्हणाला. "धर त्या बाजूने."